ख्रीनचा ठसका



मी डॉक्टर, म्हणजे पथ्यपाण्यावर बोलणार असं तुम्हाला वाटलं असेल. पण मी बोलणार आहे दारूवर. सर पहिल्याच रांगेत बसलेत, म्हणून आधी त्यांची परवानगी मागतो!

खारकीव्हला मेडिकलला असताना मी ज्यांच्या घरी राहायचो, त्या आजी हिवाळ्यात ‘ख्रिनोवुखा’ करायच्या. ख्रीन म्हणजे मोहरीच्या कुळातलं एक जाडजूड, पांढरं मूळ. अख्खं असताना त्याला फारसा वास नसतो. चिरलं, किसलं की पेशी फुटतात, आतली द्रव्यं एकमेकांत मिसळतात आणि ठसका थेट नाकात जातो. आपल्या फेसलेल्या मोहरीचा असतो, तोच! आजी अर्धा लिटर व्होडकात बोटभर मुळाच्या चकत्या आणि दोन चमचे मध घालून तीन दिवस ठेवायच्या, मग गाळून घ्यायच्या. सर्दीवर औषध म्हणायच्या. औषध वगैरे काही नाही. 40 टक्के अल्कोहोल सर्दी विसरायला लावतं, इतकंच.

2022 मध्ये युद्ध पेटलं. आजी घर सोडून पोलंडला लेकीकडे गेल्या. जाताना ओल्या फडक्यात गुंडाळून ख्रीनचा एक तुकडा नेला. मोठं चिवट मूळ ते. मातीत तुकडा राहिला तरी पुन्हा फुटतं. लेकीच्या बाल्कनीत, कुंडीत रुजलं. यंदा तिथली पहिली बाटली भरली, असा फोन आला. मी गेल्याशिवाय ती उघडायची नाही म्हणतात.

तिकीट काढलंय.