धान्याची पेढी : नाताळात भरावी, आषाढात उघडावी
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त शाहूवाडी येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



महोत्सवाच्या प्रसंगी गतकाळाचे गोडवे गावेत, थोरांचे स्मरण करावे आणि देवाचे आभार मानून घरी जावे, असा सर्वसाधारण प्रघात आहे. तो वाईट आहे असे मी म्हणत नाही. परंतु ज्या सोहळ्यानंतर गावातील एकही चूल पूर्वीपेक्षा अधिक नियमाने पेटत नाही, तो सोहळा देवाच्या हिशेबात कितीसा जमा होत असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. म्हणून आज मी आपणापुढे एकच विषय मांडणार आहे. तो म्हणजे सणाच्या दिवसांत उपाशी राहणारी कुटुंबे व त्यांच्यासाठी आपण उघडावयाची धान्याची पेढी.

‘धान्यपेढी’ ही कल्पना नवी वाटेल, पण तिचा उगम एका कॅथलिक धर्मग्रामातच झालेला आहे. अमेरिकेतील फिनिक्स या शहरी जॉन व्हॅन हेंगेल नावाचे गृहस्थ संत विन्सेंट डी पॉल यांच्या नावाने चालणाऱ्या अन्नगृहात सेवा करीत असत. मोठ्या दुकानांनी टाकून दिलेल्या, तरीही खाण्याजोग्या अन्नावर आपल्या लेकरांचे पोट भरणारी एक माता त्यांना भेटली. पैसा ठेवावयास जशी पेढी असते, तशी अन्न ठेवावयासही असावी, म्हणजे ज्याच्यापाशी आहे त्याने ठेवावे व ज्याला हवे त्याने न्यावे, ही सूचना त्या बाईची. तेथील संत मेरी धर्मग्रामाने बंद पडलेल्या बेकरीची इमारत व तीन हजार डॉलर दिले आणि १९६७ साली जगातील पहिली अन्नपेढी उघडली. कल्पना एका गरीब बाईची, घाम एका सेवकाचा व छप्पर धर्मग्रामाचे, हे तिन्ही वाटे आपण ध्यानी ठेवावेत.

आपल्या महाराष्ट्राला ही गोष्ट परकी आहे काय? मुळीच नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुर्गादेवीच्या दुष्काळात बादशहाची धान्यकोठारे रयतेस खुली केली, ही कथा परंपरेने घरोघरी पोहोचविली आहे. ज्या करवीर भूमीत आपण बसलो आहोत, तेथे राजर्षी शाहूमहाराजांनी १८९६-९७ च्या दुष्काळात स्वस्त धान्याची दुकाने उघडली व हातांना काम दिले. हातकणंगले तालुक्यातील कुंभोज येथे १८८७ साली जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या विद्यार्थी-वसतिगृहांस मुष्टिफंडाचा, म्हणजे घरोघरीच्या मूठमूठ धान्याचा, आधार होता. आणि अगदी अलीकडे, २०१५ च्या डिसेंबरात, त्या वेळच्या औरंगाबादेत यूसुफ मुकाती यांनी ‘रोटी बँक’ काढली. ज्याला परवडेल त्याने दोन पोळ्या व भाजी आणून ठेवावी, भुकेल्याने ती न्यावी, इतकाच तिचा नियम. त्याच महिन्यात मुंबईच्या डबेवाल्यांनीही समारंभांत उरलेले अन्न गरजूंपर्यंत नेण्याचे काम आरंभिले. भुकेला धर्म नसतो व ती भागविणाऱ्या हातावर कोणत्याही एका पंथाची मिरासदारी नसते, हे यावरून उघड होते.

आता कोणी म्हणेल, “फादर, हे काम सरकारचे आहे.” सरकार काहीच करीत नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबांना दरमाणशी दरमहा ५ किलो व अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य ठरवून दिले आणि १ जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य मिळू लागले. २६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली. सणासाठी म्हणून २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने ‘आनंदाचा शिधा’ काढला. शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर व पामतेल, प्रत्येकी एकेक माप. योजना चांगली होती. पण त्या पहिल्याच वर्षी कित्येक ठिकाणी तो शिधा दिवाळी उलटून गेल्यावर हाती पडला आणि २०२५ च्या गणेशोत्सवात तो मिळालाच नाही. यात मी कोणास दोष देत नाही. मोठ्या यंत्राचे चाक मोठे असते व ते सावकाश फिरते. मात्र गरिबाच्या घरचा सण तिथीवर येतो. चाक पोहोचेपर्यंत तो थांबत नाही. जेथे राज्याचा हात उशिरा पोहोचतो, तेथे शेजाऱ्याचा हात आधी पोहोचला पाहिजे.

शिवाय हिशेब करून पाहा. अंगमेहनत करणाऱ्या माणसास दिवसाला अर्धा किलो धान्य धरले, तर महिन्याचे १५ किलो झाले. शिधापत्रिकेवरचे ५ किलो म्हणजे त्याचा तिसरा हिस्सा. उरलेले दोन हिस्से मजुरीतून यावयाचे. मजुरी थांबली की ताट रिकामे. म्हणून ‘गरीब कोण?’ या प्रश्नाआधी ‘मजुरी कोणत्या महिन्यात थांबते?’ हा प्रश्न विचारावयास हवा. माझ्या आजच्या बोलण्याचे सारे मर्म त्या एका प्रश्नात आहे.

युरोप-अमेरिकेत नाताळ येतो तो ऐन थंडीत. शेते गोठलेली, सरपण महाग, काम थोडे. तेथे नाताळ हाच भुकेचा हंगाम, म्हणून तेथल्या ख्रिस्ती लोकांनी नाताळात अन्नदानाची प्रथा पाडली, ते यथायोग्यच झाले. आपण मात्र तीच प्रथा जशीच्या तशी उचलून आणावी काय? शाहूवाडीचे पंचांग निराळे आहे. आंबा घाटाच्या व विशाळगडाच्या बाजूस पाऊस असा कोसळतो की आषाढ-श्रावणात डोंगरातला माणूस घराबाहेर पडणे कठीण. भाताची रोप लावून झाली की हाताला काम नाही, गेल्या साली पिकलेले कणगीच्या तळाशी गेलेले आणि नवे पीक दिवाळीच्या सुमारास घरात यावयाचे. वाड्या-वस्त्यांवरची व धनगरवाड्यांवरची चूल मंदावते ती या दिवसांत. पूर्वी याच दिवसांत सावकाराच्या दारी वाढीदिढीने धान्य काढावे लागे. एक मण न्यावा व सुगीला दीड मण घालावा. आज सावकाराचे रूप पालटले आहे, पण कर्ज पालटलेले नाही. याच दिवसांत मागोमाग गौरी-गणपती येतात व मुंबईहून मुले-नातवंडे घरी येतात. घरात दाणा नसताना पाहुणा येणे, यासारखी लाज गरिबाला दुसरी नाही.

उलट नाताळात आपल्या तालुक्यातील घराघरांत नवे भात व नवी नाचणी येऊन पडलेली असते. आपला नाताळ हा सुगीच्या पाठीवर बसून येतो. तेव्हा पेढी भरावयाचा काळ तो आपल्याकडे नाताळ, आणि ती उघडावयाचा काळ आषाढ. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली ‘गरिबांचा जागतिक दिन’ ठरवून दिला व तो २०१७ पासून ख्रिस्तराजाच्या सणाआधीच्या रविवारी, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्याला, पाळला जातो. तो रविवार आपल्या खळ्यावरच्या दिवसांत येतो, ही मला दैवी योजनाच वाटते. त्या दिवशी वेदीपुढे रिकामी कणगी ठेवावी व तीन राजांच्या सणापर्यंत ती भरावी, अशी माझी सूचना आहे.

तरीही, नाताळात आपल्या शिवारात उपाशी असे कोणीच नसते, अशा समजुतीत कोणी राहू नये. याच दिवसांत साखर कारखाने भर जोरात असतात. बांबवड्याच्या बाजूस जा, वारणेकाठी जा. बीड-अहिल्यानगरकडून आलेल्या ऊसतोड मजुरांची पाले दिसतील. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत हाती रोकड थोडी. शिधापत्रिकेवरील धान्य आता देशात कोठेही उचलता येते असा नियम आहे खरा, पण ते धान्य पुष्कळदा गावी राहिलेल्या म्हाताऱ्या आईबापांसाठीच ठेवावे लागते, नाही तर त्यांनी काय खावे? पहाटेच्या थंडीत फडात गेलेल्या आईची लेकरे पालापाशी दिवसभर असतात. बेथलेहेमात ज्या कुटुंबाला उतारशाळेत जागा मिळाली नाही, तेही घरापासून दूर आलेले श्रमिक कुटुंबच होते. गव्हाणी सजविताना आपण पुठ्ठ्याचे डोंगर व कापसाचा बर्फ करतो. खरी गव्हाणी रस्त्याच्या कडेला पाचटाची उभी आहे. म्हणून नाताळात भरलेल्या पेढीचा पहिला वाटा पालांना व बाकीचे सारे आषाढासाठी राखून, असा क्रम असावा.

पण पेढी उघडणे सोपे व ती धर्माने चालविणे कठीण, याविषयी पवित्र शास्त्रच आपणांस सावध करते. योसेफाने मिसर देशात सात वर्षांच्या सुगीचे धान्य साठविले व दुष्काळात लोक जगविले, ही कथा आपण मोठ्या प्रेमाने सांगतो. तिचा पुढील भाग मात्र क्वचितच वाचतो. त्या धान्यासाठी लोकांनी आधी पैसा दिला, मग गुरे दिली, मग जमिनी दिल्या आणि शेवटी स्वतःस फारोचे दास करून घेतले. कोठार भरलेले होते, प्राण वाचले, पण स्वातंत्र्य गेले. जे अन्न देताना माणसाला मिंधे करते, ते अर्धे अन्नच नव्हे काय? दुसरे उदाहरण प्रेषितांच्या काळचे. यरुशलेमच्या पहिल्या ख्रिस्तसभेत रोजच्या वाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होते, अशी कुरकुर झाली. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांस दटावले नाही. त्यांनी सात भरवशाची माणसे निवडवून घेतली व काम त्यांच्या हाती दिले. वाटप चोख ठेवणे हाही प्रार्थनेइतकाच धर्म आहे, हे त्यांनी त्यातून शिकविले.

यावरून आपल्या पेढीस काही नियम असावेत. पहिला, आपण स्वतः खातो तेच धान्य द्यावे. किडलेले, खवट झालेले, घरातून काढून टाकावयाचे ते पेढीत घालू नये. तांदळाऐवजी भात दिलेले बरे, कारण साळीत ते अधिक टिकते. नाचणीला तर कीड सहसा लागतच नाही व ती वर्षानुवर्षे राहते. सारे कडक उन्हात वाळवून, कडुलिंबाचा पाला घालून, जमिनीपासून उंच ठेवावे. दुसरा, किल्ली धर्मगुरूपाशी नसावी. ती दोघा प्रापंचिकांपाशी असावी, त्यांपैकी एक स्त्री असावी, कारण घरातला दाणा केव्हा संपतो ते तिलाच आधी कळते. माप करून वहीत लिहावे व दरमहा वही उघडी करावी. तिसरा, वहीतील देणाऱ्यांची नावे वाचावीत, नेणाऱ्यांची कदापि वाचू नयेत. चौथा, नेणाऱ्याची जात, धर्म वा तो मिस्सेला येतो की नाही, हे विचारू नये. धान्याच्या मापाने माणसे मंदिरात आणणे हा शुभवर्तमानाचा अपमान आहे. पाचवा, सुगी झाल्यावर ज्याला शक्य असेल त्याने नेले तेवढेच परत घालावे, वाढीदिढीचा एक दाणाही नको. ज्याला शक्य नसेल त्याला आठवणही करू नये. अशा रीतीने आज नेणारा उद्या ठेवणारा होतो व त्याची मान ताठ राहते.

“इतके धान्य येणार कोठून?” असे कोणी विचारील. मिझोराम प्रांतातील ख्रिस्ती स्त्रियांनी १९१० पासून एक रीत चालविली आहे. स्वयंपाकासाठी तांदूळ काढताना त्यातील एक मूठ बाजूला ठेवावयाची. त्या मुठीवर तेथील ख्रिस्तसभेची मोठमोठी कामे उभी राहिली. आपणही तेच करू. मूठ म्हणजे ५० ग्रॅम धरा. महिन्याला एका घरातून दीड किलो. शंभर घरे असतील तर दीडशे किलो. नोव्हेंबरपासून मेपर्यंत सात महिन्यांत १,०५० किलो, म्हणजे साडेदहा क्विंटल. तीस कुटुंबांना प्रत्येकी ३५ किलो, आषाढाच्या तोंडावर! देणाऱ्याच्या ताटातून काय गेले? रोजची एक मूठ. नेणाऱ्याच्या घरी काय आले? एक संपूर्ण महिना.

शेवटची शंका अशी की फुकट मिळाल्याने लोक आळशी होतात. भातलावणीच्या चिखलात दिवसभर वाकलेल्या बाईला किंवा पहाटे फडात शिरणाऱ्या कोयत्याला आळशी म्हणणारा माणूस मला अजून भेटावयाचा आहे. आळस हा भरल्या पोटाचा रोग आहे, रिकाम्या पोटाला तो परवडत नाही. आणि या तालुक्यातल्या लोकांना देणे-घेणे मी शिकवावे असेही नाही. १९८२ साली मुंबईच्या गिरण्यांचा संप झाला, तेव्हा गावी परतलेल्या कामगारांना गावांनीच जेवू घातले. २०२० च्या टाळेबंदीत मुंबईहून आलेल्यांनाही गावानेच सांभाळले. ही उदारता आपल्या मातीत आहेच. तिला फक्त एक कणगी, एक वही व एक पंचांग हवे आहे.

प्रभूने अरण्यात पाच हजारांना जेवू घातले, तेव्हा आरंभ एका मुलाच्या शिदोरीपासून झाला व शेवट उरलेले तुकडे गोळा करण्याने. काही वाया जाऊ नये, अशी त्याने ताकीद दिली. बारा टोपल्या भरल्या. त्या टोपल्यांचे पुढे काय झाले, ते शुभवर्तमानकार सांगत नाहीत. मला वाटते, तो भाग आपण पुरा करावा म्हणून त्यांनी तो मोकळा ठेवला आहे.

सभा संपल्यावर दाराशी वही ठेवलेली असेल. ज्यांना मूठ ठेवावयाची आहे त्यांनी आपले नाव लिहावे व ज्यांना किल्ली सांभाळावयाची आहे त्यांनी माझ्याकडे यावे. परमेश्वर आपल्या कणग्या भरलेल्या ठेवो व दारे उघडी ठेवो, ही प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.