गार कान
(घनसावंगी येथील पशुपालक बैठकीतील भाषण)

मी डॉक्टर नाही, पण वस्तीवर घरची एकुलती गाय व्याल्यावर बसलेली मी पाहिली आहे. आपण म्हणतो, दृष्ट लागली. तसं नाही. चिकासाठी अंगातलं कॅल्शियम एकदम उतरतं. नुसत्या उसाच्या वाढ्यावरची गाय आधीच कमी पडलेली असते.

याला दुग्धज्वर म्हणतात. नाव फसवं, अंग उलट गार पडतं. व्याल्यापासून ३ दिवसांत कान गार लागले, मान कुशीकडे वळली, तर सकाळची वाट पाहू नका, डॉक्टरांना बोलवा; १९६२ हा सरकारी नंबर आहे. तोवर पोती लावून तिला छातीवर बसती ठेवा. तोंडात काही ओतू नका, फुप्फुसात जातं. कॅल्शियमची सलाईन डॉक्टरांनीच हळूहळू द्यायची. घाई केली तर हृदय थांबतं. उठली तरी दोन दिवस कास पूर्ण पिळू नका.