वर्दी कोणाला द्यावी?



संगणकाचा प्रोसेसर एकामागून एक आज्ञा पाळीत असताना त्याच्या भोवतालची डिस्क, कीबोर्ड, नेटवर्क कार्ड आणि घड्याळ ही मंडळी आपापल्या गतीने चाललेली असतात, आणि त्यांपैकी कोणाचे काम केव्हा पुरे होईल हे प्रोसेसरला अगोदर कळण्याचा काही मार्ग नसतो. घडोघडी प्रत्येकाकडे जाऊन 'झाले का?' असे विचारीत बसावे, तर त्याचा सारा वेळ चौकशीतच जावयाचा. म्हणून काम होताच उपकरणानेच वर्दी द्यावी, प्रोसेसरने हातातले काम जेथल्या तेथे तहकूब करून व परतण्याची खूण नोंदवून त्या वर्दीचा निकाल लावावा, आणि पुन्हा मूळ कामास लागावे, ही युक्ती १९५० च्या दशकातच निघाली. तज्ज्ञ मंडळी जिला इंटरप्ट म्हणतात ती हीच वर्दी. हॉलंडमधील इलेक्ट्रोलॉजिका एक्स-१ या यंत्रासाठी वर्द्यांचा निकाल लावणारा प्रोग्रॅम एड्स्गर डायक्स्ट्रा यांनी लिहिला आणि १९५९ साली त्यावरच आपला डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. त्यांनाही प्रथम या युक्तीची धास्तीच वाटली होती, आणि ती अस्थानी नव्हती. कारण वर्दी नेमक्या कोणत्या आज्ञेनंतर येईल याचा नेम नसल्यामुळे तीतून उद्भवलेली चूक दुसऱ्या खेपेस त्याच रूपाने दिसेल याची हमी कोणीही देऊ शकत नाही.

आयबीएमने १९८१ साली जो पीसी बाजारात आणला, त्यात या वर्द्यांची व्यवस्था इंटेलच्या ८२५९ए या चिपकडे होती. जुन्या मामलेदार कचेरीत कोणता कागद साहेबांपुढे केव्हा जावा हे जसा शिरस्तेदार पाही, तशी ही चिप आठ तारांवरून येणाऱ्या वर्द्या प्रथम स्वतःकडे घेई. तिच्या पोटात आठ-आठ बिटांच्या तीन नोंदी असत: आलेल्या वर्द्यांची, निकाल चालू असलेल्यांची, आणि ज्यांची दाद घेऊ नये असा हुकूम झाला आहे त्यांची. सर्वांत मानाची वर्दी घड्याळाची, सेकंदास सुमारे १८.२ वेळा येणारी, तिच्याखालोखाल कीबोर्डाची. प्रोसेसरने ऐकण्याची तयारी दर्शविली की चिप त्या वर्दीचा क्रमांक डेटाच्या तारांवर ठेवी, प्रोसेसर तो क्रमांक कोष्टकात पाहून योग्य त्या प्रोग्रॅमकडे वळे, आणि काम उरकल्यावर निकालाची पोच चिपला लिहून द्यावी लागे. ही पोच राहून गेली, तर त्या दर्जाच्या आणि त्याखालच्या सर्व वर्द्या चिप अडवून धरी. आणि घड्याळच अग्रक्रमी असल्यामुळे, त्याची पोच विसरणाऱ्या प्रोग्रॅमने कीबोर्डासकट सगळी कचेरी बंद पाडलीच म्हणून समजावे. १९८४ च्या पीसी/एटीत दुसरी एक चिप पहिलीच्या एका तारेस जोडून उपयोगी वर्द्यांची संख्या १५ वर नेण्यात आली, आणि एवढ्या भांडवलावर पुढे कित्येक वर्षे कारभार बिनबोभाट चालला.

मात्र या कारभारात साहेब एकच होता. ८२५९एची बाहेर पडणारी तार एकाच प्रोसेसरपर्यंत जाई. तेव्हा एका यंत्रात दोन किंवा चार प्रोसेसर बसविले, तरी वर्द्यांचे सारे ओझे पहिल्याच्याच शिरावर पडणार आणि बाकीच्यांना बाहेरच्या जगाची खबरही नसणार. 'काय घडले?' या जुन्या प्रश्नाच्या जोडीला 'कोणाला सांगावे?' हा नवा प्रश्न उभा राहिला, आणि माझ्या मते बहुप्रोसेसर यंत्रांतील वर्दी-नियंत्रकाचा पुढचा सारा इतिहास या दुसऱ्या प्रश्नाभोवतीच फिरत आला आहे.

इंटेलने काढलेला तोडगा एपिक या नावाने ओळखला जातो. ४८६ च्या काळात तो वेगळ्या चिपच्या रूपाने आला आणि १९९४ सालच्या पेंटियमपासून प्रोसेसरच्याच पोटात गेला. त्याची कल्पना अशी की, कारभाराचे दोन भाग करावेत. उपकरणांच्या बाजूस एक नियंत्रक असावा आणि प्रत्येक प्रोसेसरपाशी त्याचा स्वतःचा एक स्थानिक नियंत्रक असावा. पहिल्या प्रकारातील ८२०९३एए या चिपमध्ये २४ वर्द्यांसाठी २४ ओळींचे कोष्टक असे, आणि ६४ बिटांच्या त्या प्रत्येक ओळीत वर्दीचा क्रमांक, ती कोणत्या प्रोसेसरकडे धाडावी, आणि सध्या ती रोखून धरावी की काय, असा सगळा तपशील ऑपरेटिंग सिस्टीम लिहून ठेवी. स्थानिक नियंत्रक २५६ क्रमांकांची १६ दर्जांत विभागणी करतो आणि चालू कामाचा दर्जा पाहून वर्दी आत सोडतो किंवा थोपवितो. येथे एक बारकावा आहे. एखाद्या क्रमांकाची एक वर्दी चालू आणि एक प्रलंबित, एवढेच त्याच्या स्मरणात राहते. तिसरी आली तर ती प्रलंबितातच विलीन होते. म्हणून शहाणा ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण हाताळणारा प्रोग्रॅम, वर्द्या मोजीत बसत नाही. एकदा बोलावणे आले की उपकरणापाशी साचलेले सगळे काम उपसून मगच परततो.

आता वाटपाचा प्रश्न. ज्या प्रोसेसरच्या हाती सर्वांत कमी महत्त्वाचे काम असेल त्यालाच वर्दी द्यावी, अशी सोय एपिकमध्ये पहिल्यापासून होती, आणि कागदावर ती मोठी न्याय्य दिसते. पण नेटवर्क कार्डाची एक वर्दी या प्रोसेसरकडे, दुसरी त्या प्रोसेसरकडे अशी फिरती ठेवली, तर त्या कार्डाविषयीची जी माहिती पहिल्याच्या कॅशमध्ये, म्हणजे त्याच्या हाताशी असलेल्या छोट्या मेमरीत, ताजी होती ती दुसऱ्याला नव्याने ओढून आणावी लागते, आणि समतेपायी दोघांचाही वेळ जातो. उलट सर्व वर्द्या एकाच्याच गळ्यात मारल्या तर तो गुदमरतो. लिनक्स चालणाऱ्या यंत्रावर 'प्रॉक' निर्देशिकेतील 'इंटरप्ट्स' ही फाईल ज्यांनी उघडून पाहिली असेल त्यांना ही स्थिती आकड्यांत दिसली असेल: प्रत्येक प्रोसेसरला एक उभा रकाना, प्रत्येक वर्दीला एक आडवी ओळ, आणि कित्येकदा एका रकान्यात लाखांचे आकडे असताना शेजारच्यात शून्य. हे दृश्य पाहून नवखा व्यवस्थापक घाबरतो. अनुभवी माणूस मात्र त्या वर्दीचे काम पुढे कोणत्या प्रोसेसरवर चालते याची चौकशी करून मगच हात लावतो.

या साऱ्या काळात वर्दी तारेवरून येत होती, आणि तारेला स्वतःचे दोष होते. उपकरणे जोडण्याच्या पीसीआय पद्धतीत चार तारांवर अनेक उपकरणे दाटीवाटीने राहत, त्यामुळे वर्दी आली की एकेका ड्रायव्हरला 'ही तुझी का?' असे विचारीत जावे लागे. दुसरा दोष सूक्ष्म होता. उपकरणाने मेमरीत माहिती लिहून मग तार हलवावी, पण माहिती वाटेतच असताना वर्दी पुढे पोहोचावी, असे घडू शके. १९९८ च्या पीसीआय २.२ मानकातील एमएसआय पद्धतीने तारेलाच रजा दिली. वर्दी म्हणजे ठरावीक पत्त्यावर ठरावीक आकडा लिहिणे, इतकेच आता उरले. आणि लिहिलेल्या गोष्टी त्याच वाटेने ओळीने जात असल्यामुळे वर्दीला माहितीच्या पुढे धावता येईना. नंतरच्या एमएसआय-एक्समध्ये एका उपकरणास २,०४८ पर्यंत वर्द्या मिळू शकतात, त्यामुळे नेटवर्क कार्डाची प्रत्येक रांग आपापल्या प्रोसेसरकडे थेट वर्दी पाठवते. मला स्वतःला या क्षेत्रातील सर्वांत सुबक सुधारणा हीच वाटते.

उपकरणांखेरीज आणखी एक वर्दी देणारा आहे, तो म्हणजे शेजारचा प्रोसेसर. यंत्र सुरू होते तेव्हा एकच प्रोसेसर जागा असतो. इंटेलने ठरविलेल्या शिरस्त्याप्रमाणे तो इतरांना प्रथम पूर्वस्थितीस आणणारी वर्दी देतो, १० मिलिसेकंद थांबतो, मग कोठून आरंभ करावा तो पत्ता सांगणारी दुसरी वर्दी देतो, आणि २०० मायक्रोसेकंदांनी तीच पुन्हा देतो. आर्म वंशाच्या नियंत्रकात पहिले १६ क्रमांक अशा परस्परांतील वर्द्यांसाठीच राखून ठेवलेले आहेत.

या वर्द्यांपैकी सर्वांत खर्चाची वर्दी मेमरीचे पान रद्द करण्याची. एका प्रोग्रॅमचे धागे, म्हणजे एकाच वेळी चालणारे भाग, चार प्रोसेसरांवर चालले असताना एकाने मेमरीचे एखादे पान परत केले, तर त्या पानाचा पत्ता उरलेल्या तिघांच्या टीएलबी नामक छोट्या कोष्टकात शिल्लक असू शकतो. तो पुसल्याखेरीज ते पान दुसऱ्याला देणे म्हणजे एकाच्या घराची किल्ली दुसऱ्याच्या खिशात राहू देणे. म्हणून पहिला प्रोसेसर तिघांना वर्दी देतो आणि तिघांचीही पोच येईपर्यंत खोळंबून राहतो. त्यांतल्या एकाने त्या क्षणी वर्द्या बंद ठेवल्या असतील, तर त्याच्यापायी पहिल्याचे वाट पाहणे लांबते. चार प्रोसेसरांत हे खपून जाते, शंभरांत खपत नाही. आर्मच्या रचनेत पत्ता पुसण्याची आज्ञा हार्डवेअरच सर्व प्रोसेसरांपर्यंत पोहोचविते, त्यामुळे कोणाच्याही हातातले काम तहकूब होत नाही. एएमडीनेही पुढे आपल्या सर्व्हरसाठीच्या प्रोसेसरांत अशीच एक आज्ञा आणली, आणि २०२५ साली लिनक्सने ती वापरण्यास आरंभ केला.