गाडीचं नाक चेपतं ते कुणासाठी?



'आताच्या गाड्या नुसत्या पत्र्याच्या, जुन्या कशा दणकट होत्या,' असं घरोघरी ऐकू येतं. समोरून धडक बसली की नव्या गाडीचं बॉनेट चेपतं, हे खरंच आहे. पण ते चेपावं म्हणूनच तसं घडवलेलं असतं.

ताशी 50 किलोमीटर वेगानं भिंतीवर आदळणं म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावरून पडणं. फरशीवर पडलो तर हाडं मोडतात, जाड गादीवर पडलो तर वाचण्याची आशा असते, कारण गादी दबत दबत आपल्याला थांबवते. गाडीचं नाक तीच गादी. ते अर्धा-पाऊण मीटर चेपतं, तेवढा धक्का गिळतं. आपण बसतो ती जागा मात्र पोलादी पेटीसारखी शाबूत राहायला हवी. बेला बारेन्यी या इंजिनिअरची ही कल्पना 1959 साली मर्सिडीजच्या गाडीत आली. त्याच वर्षी व्होल्वोच्या निल्स बोलिन यांचा खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा पट्टाही आला.

ही जोडी सोबतच काम करते. पट्टा नसेल तर गाडी थांबते, पण आपण त्याच वेगानं पुढे जातो. मागच्या सीटवरही हेच होतं. 2022 साली पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ते मागे बसले होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता.

आता मांडीवरच्या बाळाचं बघू. अशा धडकेत दहा किलोचं बाळ क्षणभर दीडशे किलोच्या पोत्यासारखं ओढ घेतं. कोणत्याही आईच्या हातात तेवढं बळ नसतं. आपल्याच पट्ट्यात बाळाला घेतलं तर आपल्या अंगाखाली ते चिरडतं. बाळाला मागच्या सीटवर, त्याच्या मापाच्या खुर्चीतच बसवा. समोर एअरबॅग चालू असेल तिथे मागे तोंड करून बसणारी खुर्ची कधीच ठेवू नका.

गरोदर बाईनंही पट्टा लावायचा. खालचा पट्टा पोटाखाली, मांड्यांच्या वर. वरचा छातीच्या मधून, पोटाच्या बाजूनं.

गाडी चालवणाऱ्या मैत्रिणींनो, धडक-चाचणीत चालकाच्या जागी सहसा सरासरी पुरुषाच्या मापाचा पुतळा असतो. आपली उंची कमी, म्हणून आपण स्टिअरिंगला चिकटून बसतो. छाती आणि स्टिअरिंग यांच्यात निदान 25 सेंटिमीटर अंतर ठेवा. एअरबॅग उघडते तेव्हा तेवढी जागा लागते.

ऑक्टोबर 2023 पासून आपल्याकडे 'भारत एनकॅप' गाड्यांना तारे देतं. मोठ्यांचे वेगळे, मुलांचे वेगळे. घरात गाडी घ्यायचं चाललं असेल तर रंग आणि मायलेजबरोबर मुलांचे तारे किती, हेही विचारा. आणि गाडी सुरू होण्याआधी मागे वळून सगळ्यांना विचारा, 'पट्टे लावले का?'