मध घ्यायचा तर पेटी पाहून



आजचा विषय गोड आहे. पण गोड बोलण्यात आणि गोड वस्तूत माणूस लवकर फसतो, म्हणून जरा नीट ऐका.

आपल्या घरात मध रोज लागत नाही. पण लागतो तेव्हा अगदी हवाच असतो. खोकला झाला, आल्याच्या रसात मध हवा. वैद्याने चूर्ण दिले, ते मधातून घ्यायचे. पूजा आली, पंचामृतात मध हवा. मग आपण धावपळ करतो आणि मिळेल तिथून आणतो.

कुठून आणतो? जत्रेत किंवा रस्त्याच्या कडेला एक माणूस बादली घेऊन बसलेला असतो. बादलीत पोळ्याचा तुकडा तरंगत असतो. वर दोनचार मेलेल्या माश्या. आपण म्हणतो, पोळे दिसते आहे, म्हणजे मध खराच! अहो, पोळ्याचा तुकडा खरा असतो. त्याच्या खाली गुळाचा पाक असू शकतो. एक तुकडा दहा बादल्यांना पुरतो. सगळेच विकणारे लबाड असतात असे मी म्हणत नाही. रात्री कड्याकपारीला लटकून आग्या मोहोळ उतरवणारी माणसे आहेत, त्यांचा मध खरा असतो. पण खरा कोण आणि खोटा कोण, हे बादलीकडे पाहून कळत नाही.

मग कोणी सांगतो, "मी परीक्षा करून घेतो." काय परीक्षा? म्हणे, पाण्यात थेंब टाकायचा, तळाशी बसला तर खरा. घट्ट केलेला गुळाचा पाकही तळाशीच बसतो. म्हणे, वात मधात बुडवून पेटवायची. वात थोडी ओली असली तर खरा मधही चरचरतो आणि विझतो. म्हणे, खरा मध कुत्रा चाटत नाही. आता कुत्र्याला विचारून मध घ्यायचा काय? कुत्रा मध चाटतो. आपल्या कोकणातला मध हवेतल्या ओलाव्यामुळे पुष्कळदा थोडा पातळ असतो. त्यामुळे या घरगुती परीक्षांत खरा मध नापास होतो आणि पाक पास होतो! त्या सोडून द्या.

"मग दुकानातली चांगल्या छापाची बाटली घेऊ," असे कोणी म्हणेल. त्याचीही हकीकत ऐका. दिल्लीला सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट नावाची संस्था आहे. तिने २०२० साली बाजारातल्या १३ छापांचा मध तपासून घेतला. त्यातली एक बारीक चाचणी जर्मनीतल्या प्रयोगशाळेत झाली. १३ पैकी ३ छाप त्या चाचणीत उतरले. बाकीच्यांत साखरेचा पाक मिसळल्याचे संस्थेने सांगितले. कंपन्यांनी ते मानले नाही. वाद झाला. पण एक गोष्ट सर्वांना कळली. आता तांदळासारख्या धान्यापासून असा पाक करतात, की साध्या चाचणीत तो पकडता येत नाही. प्रयोगशाळा जिथे फसते, तिथे तुम्ही आम्ही जिभेवर ठेवून काय ओळखणार?

एक वाट आहे. मध जिथे तयार होतो तिथे जायचे.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात आंबा-काजूच्या बागांत, माड-पोफळीच्या आगरांत मधमाश्यांच्या पेट्या ठेवणारे शेतकरी आहेत. काहीजण आल्यागेल्याला बाग दाखवतात, पेटी उघडून दाखवतात आणि मध विकतात. शेजारच्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरजवळ मांघर नावाचे गाव आहे. तिथे घरोघरी हा धंदा चालतो. २०२२ साली त्या गावाला देशातले पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर केले.

समजा, तुम्ही अशा एका वाडीत गेलात. गडग्याच्या आत, कलमांच्या सावलीत लाकडी पेट्या मांडलेल्या दिसतील. पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले असतील. का? मुंग्या चढू नयेत म्हणून. पेटीच्या तोंडासमोर उभे राहू नका. तो माश्यांचा रस्ता आहे. आपल्या दारात कोणी आडवा उभा राहिला तर आपल्यालाही राग येतो. बाजूने जा, सावकाश जा, अत्तर लावून जाऊ नका. पेटीत असते ती बहुधा सातेरी माशी. ती आग्यासारखी पाठलाग करणारी नाही. तरी एखादी चावलीच, तर नखाने काटा लगेच खरवडून काढा. मात्र कोणाला अंगभर गांधी उठल्या, श्वास लागला, तर थांबू नका, थेट दवाखाना गाठा.

सातेरीच पेटीत का? आग्या उघड्यावर एकच मोठे पोळे लटकवते, ती पेटीत नांदत नाही. सातेरी झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत राहते आणि एकाशेजारी एक अशी पोळी बांधते. म्हणून तिला चौकटी लावलेली पेटी मानवते. न्यूटन नावाच्या एका पाद्र्याने १९१० च्या सुमारास दक्षिणेत त्रिचनापल्लीकडे या माशीच्या मापाची पेटी तयार केली. न्यूटन पेटी म्हणतात तिला.

पेटी उघडली की नीट बघा. दोन मजले असतात. खालच्या मजल्यावर राणी, अंडी, पिल्ले. ते माश्यांचे बाळंतघर. वरच्या मजल्यावर मध. मधपाळ वरचाच मध घेतो. चौकट काढतो, मेणाची झाकणे सुरीने कापतो, यंत्रात घालून फिरवतो. मध उडून बाहेर पडतो, पोळे शाबूत राहते. तेच पोळे माश्यांना परत मिळते. पूर्वी आपण काय करत होतो? मोहोळाला आग लावायची, पोळे पिळायचे. त्यात पिल्लांचा रस उतरायचा, मध लवकर आंबायचा आणि वसाहत जळून जायची. अजूनही कुठे कुठे तेच चालते.

आता 'कच्चा मध' या शब्दाबद्दल बोलू. हा शब्द फसवा आहे. शहरातले लोक कच्चा मध म्हणतात तेव्हा त्यांना न तापवलेला, नुसता गाळलेला मध हवा असतो. पण मधपाळाच्या भाषेत कच्चा मध म्हणजे न पिकलेला. फुलातून आणलेल्या रसात पाणी पुष्कळ असते. माश्या रात्रभर पंखांनी वारा घालून ते आटवतात. आटले की घरावर मेणाचे झाकण बसवतात. झाकण बसले म्हणजे मध पिकला. सरकारी नियमाप्रमाणे मधाच्या शंभर भागांत पाणी वीस भागांपेक्षा जास्त नको. घाईने झाकणाआधीच काढलेला मध काही दिवसांत फेसाळतो, आंबट वास येतो. तेव्हा मधपाळाला असे विचारा : "दादा, झाकण बसलेल्या चौकटीतला आहे ना? तापवलेला नाही ना?" या दोन प्रश्नांनी त्याला कळेल, गिऱ्हाईक जाणते आहे.

आणखी एक विचारा. "पावसाळ्यात साखर घालता काय?" तो "कधीच नाही" म्हणाला, तर जरा शंका घ्या. "घालतो," म्हणाला तर घाबरू नका. आपल्याकडे चार महिने धो धो पाऊस. माशीला बाहेर पडता येत नाही, फुलेही थोडी. तेव्हा सातेरी उपाशी मरू नये म्हणून साखरेचे पाणी ठेवावेच लागते. ते माशीचे पोट भरण्यापुरते. लबाडी कधी होते? फुलांच्या दिवसांत साखर चारून तोच माल मध म्हणून काढला, की ती लबाडी.

आणि आता हिशेब. तुम्ही नुकतेच आकडे शिकलात, ते इथे कामाला लावा. सातेरीची एक पेटी चांगल्या वर्षी पाच ते दहा किलो मध देते. वाडीत पेट्या मोजा. बारा पेट्या असल्या आणि पेटीमागे सहा किलो धरला, तर १२ गुणिले ६, म्हणजे ७२ किलो. तो मालक बारा महिने शेकड्यांनी बाटल्या विकत असेल, तर विचारा की बाकीचा मध कुठला? दुसऱ्या शेतकऱ्याकडून आणला असेल, तसे सांगितले तर चांगलेच. इटालियन माशीच्या पेट्या असल्या तर उत्पन्न जास्त निघते, हेही ध्यानात ठेवा. पण पेट्यांचा आणि बाटल्यांचा मेळ बसला पाहिजे.

वजनाचाही घोळ असतो. मध पाण्यापेक्षा जड. एक लिटर मध भरतो सुमारे एक किलो चारशे ग्रॅम. म्हणजे अर्ध्या लिटरची बाटली काठोकाठ भरली तर सातशे ग्रॅम. एकजण अर्धा लिटर विकतो, दुसरा अर्धा किलो विकतो. दोघांचा भाव सारखा दिसला तरी माल सारखा नाही. चिठ्ठीवर ग्रॅम लिहिले आहे की मिलिलिटर, हे वाचूनच पैसे काढा. चिठ्ठीवर नाव, पत्ता, भरल्याची तारीख आणि अन्नसुरक्षेचा चौदा आकडी नोंदणी क्रमांक असावा. लहान उत्पादकालाही ही नोंदणी घ्यावी लागते. बोट ठेवून आकडे मोजा, लाजू नका.

भाव दुकानापेक्षा जास्त सांगतील. इथे मी मधपाळाच्या बाजूने बोलणार आहे. एक कामकरी माशी हंगामात पाचसहा आठवडे जगते आणि सगळ्या जन्मात चमच्याचा बारावा हिस्सा मध करते. मालकाला मुंग्या, गांधीलमाशी, मेणकिडा यांवर पहारा ठेवावा लागतो. शेजाऱ्याने मोहोरावर भर सकाळी विषारी औषध फवारले, तर संध्याकाळी पेटीसमोर मेलेल्या माश्यांचा सडा पडतो. तुमच्यात आंबेवाले आहेत, त्यांना सांगतो : फुलोऱ्यात होईल तितकी फवारणी टाळा. टाळता येत नसेल तर शेजारच्या पेटीवाल्याला आदल्या दिवशी निरोप द्या आणि माश्या घरी परतल्यावर तिन्हीसांजेला फवारा. काजूला फळ धरायला माशी मदत करते. ती मेली तर नुकसान एकट्या पेटीवाल्याचे नाही.

मध घरी आणलात. थंडीत तो गोठला, तळाशी दाणे धरले, तर "साखर निघाली!" म्हणून भांडायला जाऊ नका. मधात द्राक्षशर्करा असते, तिचे दाणे बनतात. खऱ्या मधाचेही बनतात. बाटली कोमट पाण्यात ठेवा, पातळ होईल. विस्तवावर चढवू नका. ओला चमचा आत घालू नका. आणि ज्यांना मधुमेह आहे त्यांनी "मध चालतो" असे कोणी सांगितले तर ऐकू नका. मधात शंभराला ऐंशीच्या आसपास साखरच असते.

आता सगळ्यात महत्त्वाचे. बायाबापड्यांनो, आज्यांनो, हे तुमच्यासाठी आहे.

मूल जन्मले की त्याच्या जिभेला मध लावायची आपली जुनी रीत आहे. गुटी उगाळतानाही मध घालतात. प्रेमाने घालतात. पण एक वर्षाच्या आतल्या मुलाला मध देऊ नका. बोटाला लावूनसुद्धा नको. मधात कधी कधी बोट्युलिझम नावाच्या रोगाच्या जंतूचे बीज असते. ते डोळ्यांना दिसत नाही, वास नाही, चव नाही. मोठ्या माणसाच्या पोटात ते रुजत नाही. तान्ह्याच्या कोवळ्या आतड्यात रुजते आणि विष तयार करते. मग मुलाला शौचाला होत नाही, दूध ओढता येत नाही, रडणे क्षीण होते, मान टाकते, पुढे श्वासही अडतो. रोग क्वचित होतो, पण झाला तर जिवावर बेततो. मध शुद्ध असून उपयोग नाही. स्वतः पेटी पाहून आणलेल्या, रानातल्या उत्तम मधातही हे बीज असू शकते आणि घरी उकळून ते मरत नाही. कोणी म्हणेल, "आम्हाला दिला होता, आम्ही काय मेलो?" नाही मेलात, ठीक आहे. पण त्या काळी पाळण्यातली मुले जात, ती कशाने गेली हे कोण तपासत होते? रीत मोडायला जीव धजत नसेल तर मधाची वाटी देवापुढे ठेवा. बाळाच्या जिभेला आईचे दूधच लावा. एक वर्ष उलटल्यावर खोकल्याला चमचाभर मध द्या, घशाला आराम पडतो.

जायचे कधी, ते सांगून थांबतो. काजू, जांभूळ, ऐन, हिरडा यांचा फुलोरा आटोपत आला की, म्हणजे चैत्र-वैशाखात, ताजा मध मिळतो. जांभळाचा मध किंचित कडसर लागतो, तो खराब नसतो. मृगाच्या आत जा. जाण्याआधी निरोप पाठवा, म्हणजे मधपाळ घरी असेल. पोरांना बरोबर न्या, राणीमाशी दाखवायला सांगा. मध घरच्या बाटलीत घ्यायचा असेल तर बाटली काचेची न्या, धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवलेली.