नव्या पुष्पकांतील प्रवासी



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहींजण मनांतल्या मनांत हसले असतील. अंतराळांतला चित्रपट, आणि त्याचें रसग्रहण करणार कोण, तर परभणी जिल्ह्यांतला एक पेन्शनींत निघालेला मास्तर! पण गंगाखेडला गोदावरीच्या वाळवंटांत मुलांना बसवून मीं कित्येक हिवाळे मृग आणि कृत्तिका दाखविल्या आहेत. तेव्हां आकाशाविषयीं चार शब्द बोलण्याचा थोडाफार अधिकार मला आहे, असें मी समजतों.

ज्या चित्रपटाविषयीं मला बोलावयाचें आहे त्याचें नांव ‘कार्गो’. तो हिंदींत आहे. परंतु त्याच्या दिग्दर्शिका आरती कडव या आपल्या नागपूरच्या. त्यांचा हा पहिलाच मोठा चित्रपट २०१९ सालीं मुंबईच्या चित्रपट-महोत्सवांत दाखविला गेला, आणि २०२० च्या सप्टेंबरांत नेटफ्लिक्सच्या द्वारें घरोघर आला.

कथा थोडक्यांत अशी. मानव आणि राक्षस यांच्यांत तह झालेला असून मेलेल्या माणसांची पुढील व्यवस्था राक्षसांकडे आहे. अंतराळांत ‘पुष्पक ६३४-ए’ नांवाचें यान तरंगत असतें. पृथ्वीवर प्राण गेला कीं माणूस त्या यानांत येऊन उभा राहतो. तेथें त्याच्या जवळच्या वस्तू काढून घेतात, जखमा बऱ्या करतात, स्मृति पुसून टाकतात आणि पुढच्या जन्माकडे त्याची रवानगी होते. हें काम प्रहस्त नांवाचा राक्षस वर्षानुवर्षें एकट्यानें करीत आला आहे. एके दिवशीं युविष्का ही नुकतीच शिक्षण संपवून आलेली तरुणी त्याच्या मदतीला येते. रामायणांतला प्रहस्त म्हणजे रावणाचा सेनापति, आणि पुष्पक म्हणजे रावणानें कुबेरापासून हिरावून घेतलेलें विमान. येथें मात्र प्रहस्ताला शिंगें नाहींत कीं सुळे नाहींत. विक्रांत मेसी या नटानें तो असा उभा केला आहे, कीं एखाद्या आडगांवचा इमानी पोस्टमास्तरच डोळ्यांपुढें यावा.

हें यान बाहेरून दिसतें कसें? काळ्या समुद्रांत सोंडा लोंबत्या सोडून एखादा जलचर संथपणें तरंगत असावा, तसें. अग्निबाणाच्या टोंकदार आकाराला सरावलेल्या डोळ्यांना तें प्रथम चमत्कारिक वाटतें, आणि मग त्याच्यावरून दृष्टि हालत नाहीं. आंतलीं यंत्रें मात्र जुन्या रेडिओच्या आणि जुन्या दूरचित्रवाणीच्या वळणाचीं. कोणी म्हणेल, पैशाची टंचाई असेल. असेलही, पण मला तें शोभून दिसलें. सरकारी कचेरींत यंत्र एकदां बसलें म्हणजे तें पिढीभर हालत नाहीं, हें आपण जाणतोंच; मग मरणाच्या कचेरींत तें कां हालावें?

पृथ्वीवरून प्रहस्ताशीं बोलणारे नीतिज्ञ हें काम नंदू माधव यांनीं केलें आहे. याच नटानें परेश मोकाशी यांच्या २००९ च्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या मराठी चित्रपटांत दादासाहेब फाळके उभे केले होते. १९१३ सालीं पुराणकथा पडद्यावर आणणाऱ्या फाळक्यांचा आणि या राक्षसांच्या यानाचा असा संबंध जुळावा, याची मला मोठी गंमत वाटली.

या जातीच्या चित्रपटांचा विषय निघाला कीं स्टॅन्ली कुब्रिक यांच्या १९६८ सालच्या ‘२००१: ए स्पेस ओडिसी’चें नांव घ्यावेंच लागतें. चंद्रावर माणसाचें पाऊल पडावयास तेव्हां अद्याप वर्षाहून अधिक अवकाश होता. यानांतलीं माणसें चाकाच्या आंतल्या कडेनें चालतांना दिसावींत म्हणून कुब्रिक यांनीं खरोखरच एक प्रचंड चाक बांधून तें फिरविलें. शिवाय निर्वात प्रदेशांतून आवाज जात नाहीं, हें सत्य पाळून त्यांनीं अंतराळ निःशब्द ठेवलें. कांचेच्या हंडींत घंटा ठेवून हवा काढून घेतली म्हणजे तिचा नाद मंदावत जातो, हा प्रयोग आम्ही मास्तर लोक वर्षानुवर्षें फळ्यावरच काढून दाखवीत आलों, कारण पंप शाळेंत नसतोच! तें एक दृश्य हाताशीं असतें, तर माझे किती तास वांचले असते.

पण कुब्रिक यांचें विश्व पाहून मी थक्क झालों, तर ‘कार्गो’ पाहून व्याकूळ झालों. खरें सांगावयाचें तर पहिल्या वेळीं नव्हे. पहिल्यानें मला राक्षस आणि यंत्रें यांची ही मोट कृत्रिम वाटली होती. पुढें २०२१ च्या उन्हाळ्यांत माझा एक जुना सहकारी साथींत गेला. तो गणित शिकवीत असे. अंत्यदर्शन कोणालाच घडलें नाहीं. त्याच्या मुलाच्या हातीं एक पिशवी आली; तींत चष्मा, एक पेन आणि चालू असलेलें घड्याळ. त्यानंतर मीं चित्रपट पुन्हां पाहिला. प्रवाशाच्या खिशांतल्या वस्तू निर्विकारपणें काढून घेणारा प्रहस्त दिसला, आणि ‘कार्गो’ म्हणजे नुसता माल, या नांवांतली धार मला प्रथमच लागली. त्या दिवसांत रोज सायंकाळीं आपण आंकडेच ऐकत होतों ना? युविष्का त्या आंकड्यांकडे माणसें म्हणून पाहते, आणि तिच्या सहवासांत प्रहस्तालाही तसें पाहणें हळूहळू भाग पडतें. चित्रपटाचा सारा जीव एवढ्यांत आहे.

दोष नाहींत असें नव्हे. मधल्या भागांत कथा रेंगाळते, आणि राक्षसांच्या अंगच्या अद्भुत शक्तींचा धागा जितका ताणावयास हवा होता तितका ताणलेला नाहीं. ज्यांना लढाया आणि स्फोट हवे असतील त्यांनीं याच्या वाटेस जाऊं नये.

ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनीं तो दुपारीं जेवणानंतर लवंडून पाहूं नये, ही माझी विनंति. रात्रीं दिवे मालवावे, मुलांना जवळ बसवावें, आणि संपल्यावर त्यांना घेऊन थोडा वेळ गच्चीवर जावें. आमच्याकडे वीज गेलेली असली तर फारच उत्तम.