पहारा कोणत्या दाराशी?

श्रोतेहो, शाळेत संगणक आले, पाठोपाठ इंटरनेट आले. मग कोणी जाणता सांगतो, "गुरुजी, फायरवॉल बसवा." फायरवॉल म्हणजे पहारेकरी. कोणाला आत सोडायचं, कोणाला अडवायचं, हे तो आपल्या नियमांप्रमाणे पाहतो. पण त्याला उभा कुठे करायचा, हे आपणच ठरवायचे असते.

असे पाहा, पहाऱ्याच्या संगणकाला दोन तारा असतात. एक बाहेर मोडेमकडे जाते, दुसरी आत वर्गातल्या संगणकांकडे. ही त्याची दोन दारे. त्यांनाच इंटरफेस म्हणतात. तिसरे दार 'एलओ' नावाचे. त्यातून यंत्र स्वतःशीच बोलते. ते मात्र बंद करू नका, यंत्राचीच कामे अडतील. लिनक्समध्ये पूर्वी दारांना 'ईटीएच०', 'ईटीएच१' अशी नावे असत, आणि यंत्र पुन्हा सुरू केले की कधीकधी त्यांची अदलाबदल होई! २०१३ पासून कार्डाच्या जागेवरून नावे देण्याची पद्धत आली. 'ईएनपी३एस०' हे नाव ओबडधोबड खरे, पण सहसा बदलत नाही.

माझी फजिती सांगतो. मोडेमची तार ज्या कार्डात होती, त्या कार्डावर मी सगळे नियम लावले आणि निर्धास्त झालो. पंधरा दिवसांनी एका मित्राने घरून पाहिले, तर दार सताड उघडे! त्याच यंत्रावर मुलांच्या गुणांच्या याद्या होत्या हो. झाले होते असे की, आमची जोडणी नाव आणि सांकेतिक शब्द देऊन होत असे. अशा जोडणीत 'पीपीपी०' नावाचे वेगळेच दार तयार होते, आणि बाहेरचे सारे येणेजाणे फायरवॉलला त्या दारातून दिसते. तार त्याच कार्डातली, पण माझा पहारेकरी भलतीकडेच उभा!

तेव्हा नियम लिहिण्याआधी 'आयपी रूट' ही आज्ञा द्या. 'डीफॉल्ट' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीत 'डेव्ह' या शब्दापुढे जे नाव दिसेल, ते बाहेरचे दार. नुसत्या पत्त्यावर विसंबू नका. '१९२.१६८'ने सुरू होणारा पत्ता आतला समजतात. पण जोडणी मोडेमच करीत असेल, तर बाहेरच्या दारालाही तसलाच पत्ता मिळतो.

नियम लावून झाले की शाळेतल्या जोडणीवरून तपासू नका, ते आतूनच पाहणे झाले. मोबाइलच्या स्वतःच्या इंटरनेटवरून, बाहेरच्या माणसासारखे, एकदा दार ठोठावून पाहा.